प्रॉम्प्टमधील अनुपस्थित वापरकर्ता : विपणन मोहिमांच्या यांत्रिक विचारमंथनाची चिकित्सा

प्रस्तावना

विपणनाच्या क्षेत्रात 'वापरकर्ता-निर्मित आशय' ही संज्ञा आता चांगलीच रुळली आहे. कंपनीने अथवा तिच्या जाहिरातसंस्थेने तयार न करता ग्राहकांनी आपणहून तयार केलेली छायाचित्रे, चित्रफिती, अभिप्राय, पाककृती, विनोद अशा सर्व गोष्टींचा तीत समावेश होतो. असा आशय ग्राहकांकडून मिळावा यासाठी मोहिमा आखल्या जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यानंतर या मोहिमांच्या कल्पनाही कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रॉम्प्ट देऊन मिळवण्याचा प्रघात झपाट्याने पडला. वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या प्रकल्प-अहवालांतही तो आता उमटू लागला आहे. या विषयावरील लेखन बहुतांशी 'प्रॉम्प्ट कसा लिहावा' या स्वरूपाचे, म्हणजे पाककृतीवजा असते. प्रॉम्प्ट ही एक संहिता आहे. तिला वक्ता आहे, श्रोता आहे, गृहीतके आहेत आणि म्हणून साहित्यसमीक्षेची साधने तिला लावता येतात, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे. ज्याच्या नावाने मोहीम चालते तो वापरकर्ताच या संहितेत अनुपस्थित असतो, आणि ही अनुपस्थिती शब्दरचनेतील किरकोळ त्रुटी नसून मोहिमेच्या यशापयशाशी व न्याय्यतेशी निगडित आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

विचारमंथनाची पूर्वपीठिका

विचारमंथनाची पद्धती मुळात जाहिरातव्यवसायातच जन्मली, हे येथे ध्यानात घेणे उचित ठरेल. बीबीडीओ या अमेरिकन जाहिरातसंस्थेचे एक भागीदार ॲलेक्स ऑस्बॉर्न यांनी ती रूढ केली आणि 'अप्लाइड इमॅजिनेशन' (१९५३) या ग्रंथात तिची सविस्तर मांडणी केली. टीका पुढे ढकलावी, अचाट कल्पनांचे स्वागत करावे, संख्येवर भर द्यावा आणि इतरांच्या कल्पनांत भर घालावी, हे तिचे चार नियम. येल विद्यापीठात टेलर, बेरी व ब्लॉक यांनी केलेल्या १९५८ च्या प्रयोगात मात्र असे दिसले की, एकेकट्याने विचार करणाऱ्या तेवढ्याच व्यक्तींच्या कल्पना एकत्र केल्या तर त्या गटाने मिळून सुचवलेल्या कल्पनांपेक्षा अधिक भरतात. डील आणि श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये यामागील एक प्रमुख कारण दाखवून दिले : एक बोलत असताना इतरांना थांबावे लागते आणि थांबलेल्याची कल्पना विरून जाते.

यंत्राला हा अडथळा नाही. शंभर कल्पना मागितल्या तर ते क्षणार्धात शंभर देते. त्यामुळे ऑस्बॉर्न यांचा संख्येचा नियम येथे परमोच्च बिंदूला पोहोचला असे वरकरणी वाटते. परंतु त्यांच्या संख्येमागे एक न बोललेले गृहीतक होते. टेबलाभोवतीची माणसे वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या अनुभवांतून आलेली असत. यंत्राच्या शंभर कल्पना एकाच ठिकाणाहून येतात. गिरोत्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी नवी उत्पादने सुचवण्यात यंत्राने विद्यार्थ्यांना मागे टाकले. सर्वोत्तम ठरलेल्या ४० कल्पनांपैकी ३५ यंत्राच्या होत्या. हा निष्कर्ष नाकारण्याचे कारण नाही. मात्र दोशी व हाउझर यांच्या २०२४ च्या अभ्यासात, यंत्राची मदत घेतलेल्या कथा सुट्या सुट्या वाचता अधिक सरस वाटल्या, तरी एकत्र ठेवल्यावर त्या एकमेकींसारख्या होत गेल्याचे आढळले. विपणनाच्या दृष्टीने हा दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. प्रत्येक कंपनीची मोहीम स्वतंत्रपणे पाहता बरी आणि सर्वांच्या मोहिमा मात्र एकसारख्या, अशी स्थिती आली तर वेगळेपणासाठी केलेला सारा खटाटोप व्यर्थ ठरतो.

प्रॉम्प्टची संहिता

या प्रकारच्या प्रॉम्प्टचे प्रातिनिधिक रूप पुढीलप्रमाणे सांगता येईल : 'तू एक अनुभवी विपणनतज्ज्ञ आहेस. आमच्या उत्पादनाची छायाचित्रे व चित्रफिती पाठवण्यास ग्राहकांना प्रवृत्त करतील अशा दहा मोहिमांच्या कल्पना सुचव. लक्ष्यगट : १८ ते ३५ वयोगट. सूर : तरुण, उत्साही. प्रत्येक कल्पनेसोबत एक हॅशटॅग दे.'

पहिले वाक्य श्रोत्याला भूमिका बहाल करते, आणि ही भूमिका विक्रेत्याच्या बाजूची असते. म्हणजे प्रश्न विचारणारा विपणनतज्ज्ञ आणि उत्तर देणाराही विपणनतज्ज्ञ. हा संवाद दिसतो, पण वस्तुतः ते स्वगत आहे. (यंत्राला मराठीत 'तू' म्हणावे की 'आपण', हा पेच आपल्या विद्यार्थ्यांना पडतो, बहुतेक जण 'तू' म्हणतात आणि तरीही पाठोपाठ 'कृपया' लिहितात!) दुसऱ्या वाक्यातील क्रियापद पाहावे. ग्राहक तेथे आहे, परंतु कर्त्याच्या जागी नाही. मोहिमा त्याला 'प्रवृत्त करतील'. तो काय करतो, काय बोलतो, कशाने चिडतो, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. त्याच्याकडून काय करवून घ्यायचे एवढेच नमूद आहे. 'लक्ष्यगट' या शब्दात तर त्याचे वय तेवढे उरते. शेवटी 'दहा' ही संख्या. आठ का नाही, तीन का नाही, याला उत्तर नाही. दहा हा आकडा अहवालात शोभून दिसतो इतकेच.

अशा प्रॉम्प्टला येणारी उत्तरे कोणीही घेऊन पाहावीत. वापरण्यापूर्वीचे व नंतरचे छायाचित्र, 'तुमची गोष्ट सांगा', महिन्याचा सर्वोत्तम ग्राहक, नृत्याचे आव्हान, पाककृती-स्पर्धा, विजेत्याला भेटवस्तू. उत्पादन बदलले तरी यादी फारशी बदलत नाही. याचे कारण यंत्राच्या घडणीत आहे. दिलेल्या शब्दांपुढे कोणते शब्द येण्याची शक्यता अधिक, हे प्रचंड लिखित सामग्रीवरून शिकलेले हे यंत्र आहे. सर्वसाधारण प्रश्न विचारला की ते सर्वाधिक वहिवाटीच्या रस्त्याने जाते. मराठीत विचारल्यास आणखी एक गोष्ट घडते. शिकवणीच्या सामग्रीत इंग्रजीचा वाटा फार मोठा आणि मराठीचा अत्यल्प असल्याने कल्पना तिकडच्या सणांच्या, तिकडच्या स्वयंपाकघरांच्या येतात आणि वाक्ये भाषांतरित वाटतात.

योग्य प्रॉम्प्टने हे बदलत नाही काय? काही अंशी निश्चितच बदलते. माइंके, मॉलिक व टर्वीश यांनी २०२४ मध्ये दाखवले की, टप्प्याटप्प्याने विचार करायला लावणाऱ्या प्रॉम्प्टमुळे कल्पनांतील वैविध्य वाढते. परंतु वैविध्य वाढणे आणि वापरकर्ता दिसू लागणे या भिन्न गोष्टी आहेत. दहाऐवजी चाळीस निरनिराळ्या मोहिमा मिळाल्या तरी चाळीसही मोहिमांत ग्राहक 'प्रवृत्त होणारा'च राहू शकतो.

हाइन्झच्या दोन मोहिमा

या भेदाचे उत्तम उदाहरण हाइन्झ या अमेरिकन कंपनीच्या दोन मोहिमांत सापडते. दोन्ही रीथिंक या कॅनडातील संस्थेने केल्या. २०२१ च्या मोहिमेत पाच खंडांतील १८ देशांतल्या लोकांना, विचारणारा कोण हे न सांगता, एवढेच सांगितले गेले : केचपचे चित्र काढा. बहुसंख्य लोकांनी हाइन्झची बाटली काढली. कोणाची बाटली वाकडी, कोणाचे लेबल अर्धवट आठवलेले. चित्रकलेच्या दृष्टीने ती सुमार चित्रे होती आणि मोहिमेचे सारे बळ त्या सुमारपणात होते. हात डळमळतो, पण आठवण डळमळत नाही, हे पाहणाऱ्याला कोणी सांगावे लागत नव्हते. येथे वापरकर्त्याला स्तुती करण्यास सांगितलेले नाही, बक्षिसाचे आमिष पुढे केलेले नाही. त्याला एक साधे काम दिले आणि तो हाइन्झचे नाव घेईलच याची खात्री नसताना दिले. ही जोखीम त्या कल्पनेचा प्राण आहे.

२०२२ मध्ये तोच प्रयोग डॅल-ई २ या चित्रे तयार करणाऱ्या यंत्रावर करण्यात आला. केवळ 'केचप' म्हटले, प्रबोधनकाळातील शैलीतला केचप म्हटले, अंतराळातला केचप म्हटले, तरी यंत्राने काढलेली बाटली हाइन्झसारखीच दिसत होती. त्यानंतर लोकांनाही आपापले प्रॉम्प्ट सुचवण्याचे आवाहन केले गेले. मोहीम चतुर होती, गाजलीही. परंतु दोन्ही मोहिमा शेजारी ठेवल्यास वापरकर्त्याचे स्थान किती बदलले ते लक्षात येते. पहिलीत तो साक्षीदार होता. दुसरीत साक्ष यंत्राची आहे आणि वापरकर्ता यंत्राला प्रश्न पुरवणारा झाला आहे. शिवाय यंत्राची ही 'आठवण' आली कोठून? जगभरच्या लोकांनी वर्षानुवर्षे काढलेल्या व महाजालावर टाकलेल्या चित्रांतून. म्हणजे वापरकर्ता-निर्मित आशय येथेही आहेच. फक्त त्याचे निर्माते निनावी झाले आहेत.

दुसरा मुद्दा यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. यंत्राने हाइन्झची बाटली काढली याचे कारण हाइन्झ १८७६ पासून केचप विकत आहे आणि त्याची प्रतिमा सर्वत्र विखुरलेली आहे. जे आधीच प्रसिद्ध आहे ते यंत्र अधिक ठळक करून परत देते. हाइन्झसाठी हा गुण ठरला. उद्या एखाद्या नवख्या उत्पादकाने याच यंत्राला आपल्या केचपसाठी कल्पना विचारल्या, तर त्याला मिळणाऱ्या कल्पनांवरही हाइन्झसारख्या मोठ्यांचीच छाया असणार. यंत्राच्या विचारमंथनाचा लाभ सर्वांना सारखा होतो, हा समज या एका उदाहरणाने तरी डळमळीत व्हावा.

याउलट भारतातील एक उदाहरण नोंदवण्याजोगे आहे. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीच्या मोहिमेत छोट्या दुकानदाराने आपल्या दुकानाचे नाव दिले की शाहरुख खान ते नाव उच्चारत आहे अशी जाहिरात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार होत असे, आणि दुकानदार ती स्वतः पसरवू शकत असे. महासाथीत धंदा बसलेल्या दुकानदाराला काय हवे असेल, याचे नेमके आकलन त्या कल्पनेच्या मुळाशी दिसते. मोहिमेत भाग घेतल्याने त्याच्या हाती स्वतःच्या दुकानाची जाहिरात पडत होती. तेथे यंत्राचे काम आधी सुचलेली कल्पना प्रत्यक्षात उतरवण्याचे होते.

विपर्यास करणारा वापरकर्ता

प्रॉम्प्टच्या संहितेत ग्राहक आज्ञाधारक असतो. इतिहासातला ग्राहक तसा नाही. २००६ मध्ये शेव्हरोले टाहो या मोटारीसाठी जनरल मोटर्सने लोकांना महाजालावर स्वतःच्या जाहिराती जुळवण्यास सांगितले. दृश्ये व संगीत कंपनीचे, शब्द लोकांचे. अनेकांनी त्या भव्य निसर्गदृश्यांवर तापमानवाढ आणि इंधनाची उधळपट्टी यांविषयी बोचरी वाक्ये लिहिली. जानेवारी २०१२ मध्ये मॅकडॉनल्ड्सने ट्विटरवर ग्राहकांच्या आठवणी मागवल्या. आलेल्या आठवणी अशा होत्या की काही तासांतच प्रचार आवरता घ्यावा लागला. मे २०१७ मध्ये ब्रिटनमधील वॉकर्स या वेफर्सच्या कंपनीने लोकांनी पाठवलेली छायाचित्रे फुटबॉलपटू गॅरी लिनेकर यांच्या चित्रफितीत आपोआप बसवण्याची सोय केली. काहींनी कुप्रसिद्ध खुन्यांची छायाचित्रे पाठवली आणि लिनेकर ती हसतमुखाने हातात धरून असल्याचे दृश्य सर्वदूर गेले.

या तिन्ही घटनांना अपघात म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु शेव्हरोलेच्या बाबतीत लोकांनी जे लिहिले तो खोडसाळपणा नव्हता, ते मत होते. मोठ्या मोटारीविषयी त्यांना खरेच काही म्हणायचे होते आणि कंपनीने त्यांना लेखणी दिली. (कंपनीने त्या टीकात्मक जाहिराती काढून टाकल्या नाहीत, हे तिच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे.) वॉकर्सच्या प्रकारात मात्र मत वगैरे काही नव्हते; तेथे माणसाच्या जागी बसवलेल्या स्वयंचलित व्यवस्थेची फजिती होती.

प्रस्तुत लेखकाच्या मते यंत्राचा खरा उपयोग येथे आहे. 'दहा कल्पना सुचव' असे म्हणण्याऐवजी आखलेली मोहीम पुढे ठेवून 'या उत्पादनाने ज्याची निराशा झाली आहे असा ग्राहक या आवाहनाला काय उत्तर देईल', 'हा हॅशटॅग उलट्या अर्थाने कसा वापरता येईल', असे विचारल्यास यंत्र बरेच उपयुक्त साहित्य देते. लोकांच्या तक्रारी, टोमणे, उपहास यांचा त्याच्यापाशी मोठा साठा आहे. ऑस्बॉर्न यांनी टीका पुढे ढकलण्यास सांगितले होते. यंत्राला ती अगोदर करायला लावता येते. मात्र त्यासाठी तपासायला हाती काहीतरी असावे लागते, आणि ते कोठून आणायचे हा प्रश्न उरतोच.

चटणीचे प्रमाण

या प्रश्नाचा विचार जवळच्या उदाहरणाने करू. कोल्हापूर परिसरातील एखाद्या महिला बचत गटाला आपली कांदा-लसूण चटणी विकायची आहे असे समजा. यंत्राला विचारल्यास 'आमच्या मसाल्याने बनवलेल्या पदार्थाचे छायाचित्र पाठवा' ही मोहीम बहुधा पहिल्या तिनांत असेल. ती वाईट नाही. लोणचे, पापड, सॉस, कशालाही ती चालते आणि हाच तिचा दोष. आता उन्हाळ्यात डंकावर जाऊन पाहावे. घरातून भाजून आणलेले धने, तीळ, खोबरे, मिरची घेऊन बायका रांगेत असतात. बेडगी किती, संकेश्वरी किती, लवंगी घालायची की नाही, यावर बोलणे चाललेले असते. आपली चटणी पूर्ण कांडून हातात पडेपर्यंत पुष्कळ जणी तेथून हलत नाहीत. सासूचे प्रमाण आणि माहेरचे प्रमाण यांतला फरक हा तेथला आवडता विषय असतो.

म्हणजे वापरकर्त्यांनी निर्माण केलेला आशय तेथे आधीपासूनच आहे. मोहिमेने तो निर्माण करवून घ्यायचा नसून ऐकायचा आहे. परंतु ऐकल्याबरोबर आणखी एक गोष्ट कळते : प्रमाण सगळ्याच जणी सांगत नाहीत. 'अंदाजाने घालते' हे उत्तर पुष्कळदा नकाराचे सभ्य रूप असते. त्या प्रमाणावर त्या घराची प्रतिष्ठा आहे आणि आता तर, चटणी विकायची म्हटल्यावर, त्याला बाजारमूल्यही आहे. 'आपल्या आजीची पाककृती पाठवा आणि जिंका' ही यंत्राने उत्साहाने सुचवलेली कल्पना या ठिकाणी दुसऱ्याच्या मालाची मागणी ठरते. यंत्राला हे ठाऊक नसणे स्वाभाविक आहे, कारण न सांगितलेले प्रमाण कोठेही लिहिलेले नसते. मोहीम आखणाऱ्याला ते ठाऊक नसणे मात्र क्षम्य नाही.

श्रेय, मोबदला आणि बनावट वापरकर्ता

डॅलस स्माइथ यांनी १९७७ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, माध्यमे जाहिरातदारांना प्रेक्षकच विकत असतात. तिझियाना तेरानोव्हा यांनी २००० मध्ये महाजालावरील विनामोबदला श्रमांकडे लक्ष वेधले. वापरकर्ता-निर्मित आशयाच्या मोहिमेत ही दोन्ही निरीक्षणे एकत्र येतात. डोरिटोसने २००६ मध्ये सुरू केलेल्या स्पर्धेत सामान्य लोकांनी केलेल्या जाहिराती सुपर बोलच्या सामन्यात दाखवल्या गेल्या आणि पुढे काही विजेत्यांना मोठ्या रकमाही मिळाल्या. पण विजेते मूठभर आणि विनामोबदला राबलेले हजारो, हे गणित त्यात होतेच. मार्च २०२३ मध्ये कोका-कोलाने ओपनएआय व बेन यांच्या साहाय्याने लोकांना आपली बाटली, बोधचिन्ह, सांताक्लॉज ही सामग्री वापरून प्रॉम्प्टद्वारे चित्रे काढण्याचे व्यासपीठ दिले. निवडलेली चित्रे न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये आणि लंडनच्या पिकॅडिली सर्कसमध्ये झळकली. तेथे वापरकर्त्याचे म्हणून काय उरले? सामग्री कंपनीची, हात यंत्राचा, वापरकर्त्याचे एखादे वाक्य. त्या वाक्याचे श्रेय किती आणि कोणाचे, हा वाद कलासमीक्षेने गांभीर्याने घ्यावा असा आहे.

यापुढची पायरी अधिक धोक्याची आहे. ग्राहकांनी काय लिहावे हे यंत्राला विचारता विचारता, ग्राहकांच्या वतीने तूच लिही, असे म्हणण्यास एक ओळ पुरते. 'समाधानी ग्राहकाचे पाच अभिप्राय नमुन्यादाखल दे' हा प्रॉम्प्ट विचारमंथनाच्या यादीत निरागसपणे येतो आणि नमुने कधी प्रसिद्ध होतात ते कळतही नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नियमानुसार असे बनावट अभिप्राय, मग ते यंत्राने लिहिलेले का असेनात, प्रतिबंधित झाले आहेत. भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांविषयीचे भारतीय मानक आयएस १९००० प्रसिद्ध झाले, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा प्रतिबंध आहेच. परंतु कायद्याची भीती दाखवून हा विषय संपत नाही. अनुपस्थित वापरकर्त्याची जागा बनावट वापरकर्त्याने भरून काढणे, हे त्या मूळ संहितेचेच तर्कशुद्ध टोक आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने

विद्यार्थ्यांना यंत्र वापरण्यास बंदी करणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. मूल्यमापनाची पद्धत मात्र बदलता येईल. मोहिमेच्या आराखड्याबरोबर विद्यार्थ्याने प्रत्यक्ष ग्राहकांच्या तोंडून ऐकलेली किमान पाच वाक्ये, ज्या बोलीत ऐकली त्याच बोलीत, ठिकाण व तारखेसह आणि बोलणाऱ्याच्या संमतीने जोडावीत. त्यानंतर दिलेले प्रॉम्प्ट जसेच्या तसे जोडावेत. आणि यंत्राने सुचवलेल्या कल्पनांपैकी कोणत्या, कोणाच्या वाक्यामुळे नाकारल्या ते लिहावे. गुणांचा मोठा वाटा या तिसऱ्या भागाला असावा. तोंडी परीक्षेत आराखड्याविषयी फारसे न विचारता त्या पाच वाक्यांविषयी विचारावे : ही बाई आणखी काय म्हणाली, आणि तिने काय सांगायचे टाळले?